चिऊ गादीवर लघवी का करते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतील एका कुटुंबाची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावी लागल्यामुळे ते तीन महिन्यांपूर्वी भाड्याच्या घरात राहायला आले. चिऊ ही त्यांची पाच वर्षांची, नसबंदी झालेली मांजर. जुन्या घरात तिने लघवीसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेबाहेर कधीही घाण केली नव्हती. नव्या घरात मात्र ती आधी न्हाणीघरासमोरच्या पायपुसण्यावर आणि नंतर पलंगावरच्या गादीवर लघवी करू लागली. दवाखान्यात तिला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले, आठवडाभर बरे गेले, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच सुरू झाले. असे आतापर्यंत तीन वेळा घडले आहे. प्रत्येक वेळी ती जागा फिनेलने पुसली जाते. एकदोनदा तिचे नाक लघवीत घासूनही पाहिले. आता सासूबाईंचे म्हणणे आहे की मांजर मासळीबाजारात नेऊन सोडावी. ‘आम्ही तिचे घर बदलले म्हणून ती सूड उगवते आहे का?’ असे प्रश्नकर्तीने शेवटी विचारले आहे.

मांजरीचे नाव चिऊ ठेवणाऱ्या घरात विनोदबुद्धी शाबूत असणार, असे गृहीत धरून आधी सुडाचा विषय बाजूला ठेवतो. सूड घ्यायचा तर घडलेला अन्याय लक्षात ठेवून, दुसऱ्याला काय लागेल याचा अंदाज बांधून, योग्य वेळेची वाट पाहावी लागते. आणि आपली लघवी माणसाला किळसवाणी वाटते हे तर मांजरीला ठाऊकच नसते. तिच्या लेखी तो वास म्हणजे ओळखीची खूण आहे. गेली सत्तावीस वर्षे मी घरगुती प्राण्यांवर उपचार करतो आहे आणि घरात घाण करते म्हणून माझ्याकडे आणलेल्या मांजरींपैकी बहुतेकींना मला दोनच गोष्टी आढळल्या: एक तर त्यांना कुठेतरी दुखत होते, नाहीतर त्या घाबरलेल्या होत्या. चिऊच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात, आणि प्रतिजैविकाने बरे वाटल्याचा जो अनुभव आपण लिहिला आहे, तोच या निदानाकडे बोट दाखवतो.

तरुण मांजरींना मूत्राशयाच्या सुजेचा त्रास होतो तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक मांजरींमध्ये ना जंतू सापडतात, ना खडे. मूत्राशयाच्या आतील संरक्षक अस्तर विरळ झालेले असते, मज्जासंस्था सतत ताणलेली असते, आणि लघवीतील क्षार त्या उघड्या पडलेल्या भिंतीला झोंबतात. परीक्षेच्या दिवशी काही मुलांचे पोट बिघडते, तसे या मांजरींचे मूत्राशय बिघडते. ओहायो स्टेट विद्यापीठातील पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर अनेक वर्षे काम केले. 2011 मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 32 मांजरींवर 77 आठवडे लक्ष ठेवले होते. त्यांची काळजी घेणारी व्यक्ती बदलली, खाण्याची वेळ चुकली, किंवा नेहमीच्या दिनक्रमात असाच काही व्यत्यय आला, की त्या आठवड्यात उलट्या होणे, खाणे सोडणे आणि ट्रेबाहेर लघवी करणे हे प्रकार वाढत. आणि महत्त्वाचे म्हणजे, ज्यांना मूत्राशयाचा आजार मुळीच नव्हता त्या निरोगी मांजरींतही ते वाढत. खाण्याची वेळ चुकल्याने एवढे होत असेल, तर चिऊचे आख्खे घर बदलले आहे.

आता इंजेक्शनाविषयी. या आजाराचा झटका बहुतेक वेळा पाच ते सात दिवसांत आपोआप शमतो. त्या दिवसांत मांजरीला प्रतिजैविक दिले तर श्रेय प्रतिजैविकाला मिळते. काही दिले नसते तरी आठवड्याने ती बरी झालीच असती. अशा मांजरीला ना प्रतिजैविकाची गरज असते, ना पुन्हा पुन्हा स्टेरॉइड देण्याचा काही उपयोग होतो. जंतुसंसर्ग सहसा दहा वर्षांवरील मांजरींत, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांत दिसतो. म्हणून पुढचा झटका येईल तेव्हा इंजेक्शनाआधी तपासण्यांचा आग्रह धरा. सुईने थेट मूत्राशयातून काढलेल्या लघवीचा नमुना तपासावा, गरज वाटल्यास त्याचे कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहणारी चाचणी, करावे, आणि खडे आहेत का हे पाहण्यासाठी क्ष-किरण किंवा सोनोग्राफी करावी. सुईचे नाव ऐकून घाबरू नये. मूत्राशय भरलेले असेल तर हे काम काही सेकंदांचे असते आणि रक्त काढण्यापेक्षा त्याचा त्रास अधिक होत नाही. जमिनीवर सांडलेली किंवा ट्रेमधून उचललेली लघवी कल्चरसाठी निरुपयोगी असते, कारण तिच्यात बाहेरचे जंतू मिसळलेले असतात.

इथे थोडे विषयांतर करून, बोका पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो आणि याच आजारात तो अडकू शकतो. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, पण थेंबही येत नाही किंवा एखादाच रक्ताळलेला थेंब येतो. घरचे लोक त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसतात. लघवी पूर्ण अडली की रक्तातील पोटॅशियम वाढत जाते, आणि एकदोन दिवसांत हृदय बंद पडून बोका दगावतो. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. चिऊ मादी असल्यामुळे हा धोका तिला फारच कमी आहे. तरीही ती दिवसभरात लघवीच करत नसेल तर तिलाही त्याच दिवशी दाखवावे.

तपासण्यांत काही सापडले नाही, तर उपचार करायचा तो मुख्यतः घरावर. त्यासाठी ती कुठे आणि कशी लघवी करते हे बारकाईने पाहावे लागते, कारण जागा बरेच काही सांगून जाते. उभी राहून, शेपटी वर करून ती थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी लघवी उडवणे म्हणजे हद्द आखणे. हे काम मुख्यतः नसबंदी न झालेल्या बोक्यांचे असते. नसबंदीनंतर दहापैकी नऊ बोके ते सोडून देतात, आणि नसबंदी झालेल्या माद्यांपैकी जेमतेम पाच टक्के मांजरी ते करतात. चिऊ मात्र खाली बसून, आडव्या आणि मऊ जागेवर लघवी करते. म्हणजे तिला हद्द आखायची नाही. तिला लघवीसाठी ट्रेपेक्षा बरी जागा हवी आहे. ट्रेमध्ये असताना एकदा जळजळ झाली, की मांजर त्या वेदनेचा संबंध ट्रेशी जोडते आणि मऊ, लघवी लगेच शोषून घेणारी जागा शोधू लागते. पायपुसणे आणि गादी यांच्याइतके मऊ आपल्या घरांत दुसरे काय असते? शिवाय पलंग उंच असतो, तिथून दार दिसते, आणि घाबरलेल्या प्राण्याला पाठीमागून कोणी येणार नाही अशी जागा हवी असते.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात ट्रे ड्राय बाल्कनीत, धुलाई यंत्राला चिकटून ठेवलेला दिसतो. तो झाकणाचा आहे, आणि वाळू लॅव्हेंडरच्या वासाची आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर मांजरीने ट्रे वापरू नये म्हणून मुद्दाम बेत आखला असता, तरी याहून सरस आखता आला नसता. ती आत बसलेली असताना यंत्राने एकदा जरी घरघरायला सुरुवात केली असेल, तरी ती जागा तिच्यासाठी बाद झाली. झाकणामुळे वास आत कोंडतो, बाहेर कोण आहे ते दिसत नाही आणि पळायला वाट एकच उरते. कृत्रिम सुगंध आपल्या नाकासाठी असतो. मांजरीचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते, तिला तो सहन होत नाही. त्यात पावसाळा. कोकणपट्टीच्या दमट हवेत, आणि वरून झड येत असेल तर विशेषच, बाल्कनीतली वाळू दोन दिवसांत ओलसर होऊन तिचा चिखल होतो.

मांजरीला कशी वाळू आवडते हे पाहायला दुकानात जावे लागत नाही. बांधकामासाठी रस्त्यावर वाळूचा ढीग ओतला की दुसऱ्या दिवशी सकाळी परिसरातील मांजरींनी त्याचे काय केलेले असते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. बारीक, कोरडी, पंजाला मऊ लागणारी, उकरता येणारी आणि मोकळ्या आभाळाखालची! घरातही तेच द्यावे: बिनवासाची, गोळे होणारी बेन्टोनाइट मातीची वाळू, तीनचार सेंटिमीटर खोल, उघड्या ट्रेमध्ये. लाकडाच्या जाड गोळ्या स्वस्त पडतात, परंतु अनेक मांजरींना त्या पायाला टोचतात. चिऊवर सध्या तो प्रयोग नको. ट्रेची लांबी मांजरीच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी, म्हणजे साधारण पासष्ट ते सत्तर सेंटिमीटर. बाजारातले बहुतेक ट्रे याहून लहान असतात. त्यामुळे मी लोकांना भांड्यांच्या दुकानातून प्लास्टिकचा मोठा आयताकृती टब आणून त्याची एक बाजू आत जाण्यापुरती कापायला सांगतो.

मांजरी जितक्या, त्याहून एक ट्रे जास्त, हा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे चिऊला दोन ट्रे लागतील. ते शेजारी शेजारी ठेवले तर मांजर ते एकच धरते, म्हणून दोन वेगळ्या जागा शोधाव्यात. एक दिवाणखान्याच्या शांत कोपऱ्यात ठेवावा. दुसरा, काही दिवसांपुरता, थेट त्या पायपुसण्याच्या जागी. पायपुसणे उचलून टाका, ट्रे तिथे ठेवा, आणि ती तो नियमाने वापरू लागली की दोन आठवड्यांनंतर रोज वीतभर सरकवत त्याला सोयीच्या जागी न्या. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गोळे दिवसातून दोनदा उचलावेत. आठवड्यातून एकदा ट्रे साध्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवावा.

साबणाने म्हटले, कारण फिनेल हा चिऊच्या प्रकरणातला दुसरा मोठा दोषी आहे. फिनॉलसारखी द्रव्ये निष्प्रभ करणारी यकृतातील एक महत्त्वाची यंत्रणा मांजरीत जवळजवळ नसते. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून ती चालते, मग पंजे चाटते, आणि ते द्रव्य पोटात जाते; काळे फिनेल यात सर्वांत घातक. याच कारणाने माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. शिवाय फिनेलने डाग जात नाही, फक्त आपल्या नाकापुरता वास झाकला जातो. लघवीतील यूरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत. गादी उन्हात दिली की वास गेल्यासारखा वाटतो, आणि हवा दमट झाली की तो पुन्हा येतो. त्यावर उपाय एकच: प्राण्यांच्या लघवीसाठी मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण. आधी त्या जागेवरचे फिनेल साध्या पाण्याने दोनतीनदा पुसून काढावे, नाहीतर ते एन्झाइमलाच निकामी करते. मग लघवी जितकी खोल मुरली असेल तितके खोल द्रावण मुरू द्यावे आणि गादी सावकाश वाळू द्यावी. फवारा मारून लगेच पुसल्यास काहीच साधत नाही. फोमची गादी आरपार भिजली असेल तर, कटू असले तरी, ती बदलणेच शेवटी स्वस्त पडते. तोपर्यंत गादीवर पाणी न शिरणारे आच्छादन घाला आणि आपण घरी नसताना झोपण्याच्या खोलीचे दार बंद ठेवा.

नाक घासण्याबद्दल इतकेच लिहितो की ते ताबडतोब थांबवा. त्यातून तिला लघवी आणि शिक्षा यांचा संबंध कळत नाही. आपले हात जवळ आले की वाईट घडते, एवढेच कळते. भीतीमुळे होणारा आजार भीती वाढवून बरा होत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या कठड्यावर एक पिवळा बोका रोज संध्याकाळी येऊन बसतो, असे आपण ओझरते लिहिले आहे. माझ्या मते पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच आहे. चिऊ नव्या घरात अजून रुळलेली नाही, आणि तिच्या दृष्टीने एक अनोळखी बोका रोज दाराशी येऊन घरावर हक्क सांगतो आहे. खिडकीच्या खालच्या भागाला धूसर कागद चिकटवा, म्हणजे तो दिसणार नाही. शेजारी कोणी त्याला त्या कठड्यावर खायला घालत असेल, तर जागा बदलण्याची विनंती करा. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेच्या मदतीने त्याची नसबंदी करून घेता आली तर उत्तम. त्याचे उडवणे, ओरडणे आणि मारामाऱ्या या तिन्ही गोष्टी बऱ्याच कमी होतील.

घरात तिला लपायला आणि चढायला जागा हवी. मांजर उंचावर सुरक्षित असते. लोखंडी कपाटावर तिची जुनी गोधडी घडी करून ठेवा आणि वर जायला मध्ये एखादे स्टूल द्या. एका बाजूने कापलेले पुठ्ठ्याचे खोके महागड्या मांजरघरापेक्षा अधिक आवडते, हा तर नेहमीचा अनुभव आहे. ती लपलेली असताना कोणीही तिला ओढून बाहेर काढू नये, पाहुण्यांच्या मुलांनी तर नाहीच. जेवण रोज ठरलेल्या वेळी द्यावे आणि संध्याकाळी दहापंधरा मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसाशी खेळवावे, कारण शिकारीची नक्कल करणारा खेळ ताण उतरवतो. आपल्याला हे क्षुल्लक वाटेल. बफिंग्टन यांच्या रुग्णालयात येणाऱ्या मांजरींच्या घरांत असेच साधे बदल करून पाहिले गेले, तेव्हा आजाराची लक्षणे स्पष्टपणे कमी झाली होती.

पाणी हा दुसरा उपचार आहे. मांजरीचे पूर्वज कोरड्या प्रदेशात राहणारे. तहान कमी आणि लघवी दाट, हा त्यांचा वारसा. झोंबणारे मूत्राशय शांत करायचे तर लघवी पातळ झाली पाहिजे. फक्त कोरडे दाणे देत असाल तर दिवसातले निदान एक जेवण ओले द्या. पसरट भांड्यांत दोनतीन ठिकाणी, ट्रेपासून आणि खाण्यापासूनही दूर, ताजे पाणी ठेवा. मासे किंवा कोंबडी उकडलेले पाणी चालेल, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण यांतले काहीही नको. कांदा-लसणाने मांजरीच्या लाल रक्तपेशी फुटतात. सुकटीचा मोह तिला कितीही पडला तरी खारवलेले सुके मासे तिच्यासाठी नाहीत.

एवढे करून सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही, तर औषधांचा विचार करावा. मांजरीच्या गालातून स्रवणाऱ्या गंधद्रव्याची कृत्रिम नक्कल असलेले, विजेच्या प्लगला लावण्याचे उपकरण फेलिवे या नावाने मिळते. त्याचा उपयोग काही मांजरींना होतो, काहींना होत नाही. अपाय नाही, म्हणून महिनाभर लावून पाहायला हरकत नाही. फ्लुओक्सेटिनसारखी भीती कमी करणारी औषधे खरोखर काम करतात, पण परिणाम दिसायला चारेक आठवडे लागतात, ती एकदम बंद करता येत नाहीत, आणि मात्रा रक्त तपासून पशुवैद्यानेच ठरवायची असते. घरातल्या कोणाच्या गोळीचा तुकडा देऊन पाहू नये. झटका चालू असताना मात्र वेदनाशामक द्यावेच लागते, आणि माझ्या अनुभवात नेमके तेच द्यायचे सर्वाधिक वेळा राहून जाते.

आपण पत्र लिहिले तेव्हा गणपती पंधरा दिवसांवर होते. ढोलताशाच्या दिवसांत, विशेषतः अनंत चतुर्दशीला, रस्त्यापासून सर्वांत दूर असलेली खोली तिच्यासाठी आधीच तयार करा. एक ट्रे, पाणी, खोके, गोधडी आणि बंद खिडक्या एवढे पुरे. दुपारपासूनच तिला तिथे राहू द्या, मिरवणूक दाराशी आल्यावर पकडायला धावू नका. दिवाळीत हेच पुन्हा करावे लागेल. एकाच संध्याकाळपुरते देता येणारे सौम्य औषधही आहे. त्यासाठी आठवडाभर आधी पशुवैद्यांना भेटून त्याची लहान चाचणी घ्यावी.

सासूबाईंचा त्रागा मी समजू शकतो. लहान भाड्याच्या घरात देवघराशेजारी तो वास येत असेल, तर कोणालाही असह्य होईल. परंतु पाच वर्षे घरात वाढलेली, माणसाच्या हातून खाणारी मांजर मासळीबाजारात तग धरत नाही. तिथल्या मांजरी तिला जवळ येऊ देत नाहीत, आणि पहिल्या काही दिवसांतच ती कुत्र्यांच्या किंवा वाहनांच्या तावडीत सापडते. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राणी विनाकारण सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा मी त्यांना एक वही ठेवायला सांगेन. कोणत्या दिवशी, कुठे लघवी केली, आणि त्या दिवशी घरात काय वेगळे घडले, एवढेच तीन रकाने. ज्या घरांत ही वही सर्वांत जास्त तक्रार करणाऱ्या व्यक्तीच्या हाती गेली, तिथे मला उत्तर सर्वांत लवकर मिळाले आहे, कारण दिवसभर घरात असलेले आणि बारकाईने पाहणारे डोळे त्यांचेच असतात. पहिल्या महिन्यात प्रकार पूर्ण थांबतील अशी अपेक्षा धरू नका. आठवड्यात चारवरून एकावर आले तरी दिशा बरोबर आहे असे समजा.

पुनर्विकासाची इमारत पूर्ण होऊन आपण परत जाल, तेव्हा हे सगळे नव्याने उद्भवण्याची शक्यता आहे. आपल्याला ते जुने घर वाटेल, तिला मात्र रंग आणि सिमेंटच्या वासाचे तिसरेच घर. त्या वेळी आधी एकाच खोलीत तिचे सामान लावा, तिला आठवडाभर तिथेच ठेवा, ती निवांत खाऊ-झोपू लागली की एकेक दार उघडा. आणि कपाटावरची ती गोधडी सामान बांधण्याआधी कोणी हौसेने धुऊन टाकणार नाही, याची काळजी घ्या. नव्या घरात तिच्या ओळखीचा वास फक्त तेवढाच असेल.